उघड्या यंत्राचा इतिहास

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही हिंगणघाट-पुलगावकडील गिरण्यांच्या संपांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती स्वाभाविकच होती. आमची उमेदीची वर्षे गिरणीच्या फाटकापुढे गेली; आणि जे थोडेफार शिक्षण झाले तेही शाळेत नव्हे. सातवीनंतर शाळेचा आणि आमचा संबंध सुटला. पुढचे सारे शिक्षण पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तरीही आज आम्ही बोलणार आहोत ते मोबाईल फोनच्या पोटातील आज्ञावलीवर, आणि ती आज्ञावली उघडून वाचता येते या गोष्टीच्या इतिहासावर. 'यांना यातले काय कळते?' असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. आम्हांला कळते ते थोडेच. पण ते थोडे कसे कळले, हेच या व्याख्यानाचे निमित्त होय.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात वर्धा शहरात घरोघर सामान पोचविणारी दहा-बारा पोरे आमच्या कार्यालयात येऊन बसली. ओले रेनकोट त्यांनी दारातच टाकले होते. त्यांची मजुरी अंतरावर ठरते आणि अंतर फोन ठरवितो. एकजण म्हणाला, "साहेब, रुळांच्या अलीकडे दुकान, पलीकडे गिऱ्हाईक. पुलावरून वळसा घालून जा लागते. गाडीचं मीटर तीन किलोमीटर दाखवते, फोन म्हणते सव्वा. मधलं पेट्रोल कोणाच्या बापाचं?" फोन खोटे मोजतो, अशी त्या सर्वांची खात्री होती. फोनविरुद्ध अर्ज लिहून द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

आम्ही लगेच लिहून दिला नाही. त्याला कारण एक जुनी आठवण. आम्ही ज्या गिरणीत होतो तेथे सूतखात्यातील काही यंत्रांवर हँक-मीटर बसविलेले असे. हँक म्हणजे ८४० यार्ड सूत; जितके हँक मीटरवर पडतील तितकी मजुरी. मीटर लोखंडी डबीत, डबीला कुलूप, आणि किल्ली मुकादमाजवळ. एका वर्षी सर्वांची मजुरी घटली. मीटरचे चक्र बदलून मालकाने हात मारला, असे आम्ही फाटकसभेत छातीठोक सांगितले. तीन दिवस काम बंद राहिले. चौथ्या दिवशी व्यवस्थापकाने चिडून आमच्या देखतच डबी उघडली, चक्राचे दात मोजले, ताग्याने ताळा घेतला, आणि मीटर बरोबर निघाले! घट होत होती ती बॉबिनी वेळेवर न मिळाल्याने यंत्र उभे राहत होते म्हणून. आमची खोड चांगली जिरली. परंतु त्या दिवसापासून मीटरवरचे भांडण कायमचे मिटले आणि बॉबिनींचे भांडण योग्य माणसाशी सुरू झाले. झाकलेले यंत्र प्रामाणिक असले तरी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि विश्वास न ठेवणाराही दर वेळी बरोबर नसतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

गिरणीत निदान फलक तरी असे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याप्रमाणे कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, फाटकाजवळ व प्रत्येक खात्यात, खास फलकावर लावावे लागत. मजुरीचे दर कसे कळवायचे हेही त्या आदेशांत येई. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. पण फलकाची ती चाल आमच्या पिढीच्या अंगात मुरलेली आहे. फोनवर काम घेणाऱ्या पोरांपुढे ना फाटक, ना फलक. मग फलक कुठे शोधावा? यंत्राच्या पोटात?

आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यापुढे हा प्रश्न टाकला. ती म्हणाली, "काका, फोनचं पोट उघडून दाखवते, पण त्या कंपनीच्या ॲपचं नाही दाखवता येत." या एका वाक्यात आमच्या आजच्या विषयाचे दोन्ही भाग आहेत. पहिल्यापासून सांगतो.

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. माणूस लिहितो आणि वाचतो ते मूळ रूप, म्हणजे सोर्स कोड. यंत्र चालविते ते दुसरे, आकड्यांचे रूप. विणकाम पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. साच्यावर डॉबी बसविलेली असते; तिच्या पट्टीवरच्या खुंट्या पाहून जाणता विणकर नक्षी वाचतो. कापड एकदा विणून बाहेर आले की पट्टी दिसत नाही. धागे उसवून नक्षी ओळखणारे कारागीरही असतात, आणि तयार आज्ञावलीचे तसे उलट वाचन करणारी साधनेही आहेत. पण उसवून ओळखणे वेगळे आणि पट्टी हातात मिळणे वेगळे.

ही पट्टी हातात मिळावी की नाही, या वादाची एक ठिणगी पडली ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत, १९८० च्या सुमारास, आणि तीही एका छपाईयंत्रावरून. झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र कागद अडकवून बसे. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने जुन्या यंत्राच्या कोडमध्ये बदल करून अशी सोय केलेली होती की, यंत्र अडले की थांबलेल्यांना संदेश जावा. नव्याचा कोड त्याला कोणी देईना. ज्याच्याजवळ होता त्याने गुप्ततेचा करार केलेला. स्टॉलमनने हे मनाला लावून घेतले. १९८३ साली त्याने 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना निघाला. त्यातील मेख अशी : कोड घ्या, वापरा, बदला; पण बदललेली आज्ञावली दुसऱ्याला दिलीत तर तिचा कोडही त्याला द्यावा लागेल. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहावयास घेतले आणि पुढच्या वर्षी तेही याच परवान्याखाली आणले. आजच्या बहुसंख्य फोनांच्या तळाशी हेच लिनक्स आहे.

एका चिडलेल्या माणसाच्या हट्टातून नियम निघावा, हे आम्हां युनियनवाल्यांना मुळीच नवल वाटत नाही.

पण हा विचार केवळ सातासमुद्रापलीकडचा आहे असे वर्धेच्या माणसाने तरी समजू नये. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी कडक होत्या. यंत्र झोपडीत हाताने वा पायाने चालावे, बाईला आठ तास सलग चालविता यावे, आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, आणि डागडुजी करीत ते वीस वर्षे टिकावे. या अटी पुष्कळांना ठाऊक असतात. आणखी एक अट मात्र फारशी कोणी सांगत नाही : स्पर्धकाने आपल्या रचनेचे पेटंट खुशाल घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाच्या हवाली करावेत. म्हणजे रचना एकाच्या तिजोरीत राहावयाची नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. अटच अशी होती की, त्या काळी ती कोणालाही झेपली नाही.

पुढे १४ डिसेंबर १९३४ रोजी ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ठाणे आपल्या मगनवाडीत पडले आणि चिटणीस झाले जे. सी. कुमारप्पा. घाणी, चूल, हातकागद, वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप, असे सारे प्रयोग तेथे झाले, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. आम्ही लहानपणी तेथे गेलो होतो तेव्हा आम्हांस ते कंटाळवाणे वाटले होते, हे कबूल करतो. चरखे रांगेने मांडलेले, आणि एकही फिरविता येईना. पुष्कळ वर्षांनी कळले की तेथे पाहावयाची वस्तू चरखा नसून त्याचे सांधे आहेत. चाती कोठे, माळ कोठून कोठे जाते, काय मोडेल आणि ते गावचा सुतार कसे बसवील, हे नुसते पाहून समजावे अशी ती बांधणी. आम्ही गांधीवादी नव्हे. गिरणी कामगार आणि चरखा यांचे फारसे सख्य कधी नव्हतेच. पण यंत्र असे असावे की त्यावर काम करणाऱ्याला त्याचे पोट दिसावे, हा मुद्दा आम्हांस गिरणीतल्या त्या कुलूपबंद डबीपासून पटलेला आहे.

आता फोनाकडे वळू. अँड्रॉइड ही कंपनी २००३ साली कॅलिफोर्नियात अँडी रुबिन आणि त्याच्या तीन साथीदारांनी काढली. २००५ साली गूगलने ती विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी फोन तयार करणाऱ्या व दूरध्वनी चालविणाऱ्या अनेक कंपन्यांची एक आघाडी जाहीर झाली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये, पहिला फोन दुकानात येण्याच्या तोंडावर, अँड्रॉइडचा कोड सर्वांस खुला करण्यात आला. तळाचे लिनक्स ग्नूच्या परवान्याखाली राहिले. वरचे बहुतेक सारे अपाची नावाच्या दुसऱ्या परवान्याखाली आले. दोहोंतील भेद विहिरीच्या उदाहरणाने सांगता येईल. ग्नूच्या विहिरीचा नियम असा की, तुम्ही येथून पाट काढून दुसऱ्याला पाणी पुरविलेत तर तो पाटही त्याला खुला ठेवा. अपाचीच्या विहिरीवर पाटीपुरता मान राखा, पाणी घेऊन जा, आणि हवे तर घरी हौदाला कुलूप लावा. कारखानदारांना दुसरी विहीर आवडली यात आश्चर्य नाही.

कोड खुला होणे आणि तो वाचता येणे, या मात्र दोन गोष्टी आहेत. सरकारी राजपत्रही खुलेच असते. किती जण वाचतात? अँड्रॉइडचा कोड म्हणजे असंख्य फाइलींचा डोंगर. तो उतरवून घेऊन त्यात एक ओळ शोधणे हे वखारीत सुई शोधण्यासारखे. आज्ञावली लिहिणारा आपल्या कामाच्या जागीच बसून, एका शब्दावर बोट ठेवताच त्या शब्दामागची मूळ फाइल उघडेल, अशी सोय होईपर्यंत हे खुलेपण बहुतेकांच्या कामाचे नव्हते. ही कामाची जागा म्हणजे त्यांची कार्यशाळा : लिहिणे, तपासणे, चालवून पाहणे, सगळे एका छपराखाली. अँड्रॉइडची पहिली कार्यशाळा 'एक्लिप्स' होती. ती आयबीएमच्या कारखान्यात जन्मली, २००१ च्या नोव्हेंबरात खुली झाली, आणि २००४ पासून एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे आली.

त्या काळातली गंमत त्या मुलीच्या एका शिक्षकांनी आम्हांस सांगितली. एक्लिप्समध्ये एखाद्या शब्दावर टिचकी मारावी, तर पडद्यावर उत्तर येई : मूळ कोड सापडला नाही, जोडून द्या. कारण कंपनी देत असे त्या गठ्ठ्यात नुसती टरफले होती. प्रत्येक क्रियेचे नाव जागेवर, मागण्या जागेवर, आणि आत पाहावे तर एकच ओळ : चूक झाल्याचे सांगून थांब, आणि पुढे शब्द 'स्टब!'. आपल्याकडे दुकानात पिठाच्या डब्यांची रांग दिसावी आणि उघडून पाहता सर्व रिकामे, तसे. खरे पीठ प्रत्यक्ष फोनात. लोक मग कोड वेगळा उतरवीत, स्वतःच्या हाताने फाइली लावीत, आणि एक्लिप्सला जागा दाखवून देत. २०११ साली तर आणखी अडचण झाली. टॅबलेटांसाठी निघालेल्या ३.० या आवृत्तीचा कोड गूगलने रोखून धरला. तो नोव्हेंबरात ४.० च्या कोडाबरोबर बाहेर आला. त्या ४.० पासून मात्र मूळ कोडचा गठ्ठा तयार मिळू लागला, आणि टिचकी मारताच फाइल उघडू लागली. मे २०१३ मध्ये 'अँड्रॉइड स्टुडिओ' ही नवी कार्यशाळा जाहीर झाली, डिसेंबर २०१४ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तीही जेटब्रेन्स या कंपनीने २००९ साली खुल्या केलेल्या पायावर उभी आहे.

तर त्या रात्री आमच्या कार्यालयात लॅपटॉप उघडला गेला. पोरे खुर्च्यांच्या मागे उभी. मुलीने पाच-सहा ओळी लिहिल्या : हे एक ठिकाण, हे दुसरे ठिकाण, यांतील अंतर सांग. मग कंट्रोलची कळ दाबून तिने अंतराच्या शब्दावर टिचकी मारली. प्रथम ते टरफलच आले, 'स्टब!' सहित, तिच्या लॅपटॉपवर या आवृत्तीचा मूळ कोड उतरविलेला नव्हता. उतरविला. चहा झाला. पुन्हा टिचकी मारली, आणि फाइल उघडली. माथ्यावर परवान्याचा मजकूर, खाली हिशेब.

तो हिशेब आमच्या डोक्यावरून गेला, पण दोन आकडे आम्ही वहीत उतरवून घेतले : ६३,७८,१३७ आणि ६३,५६,७५२.३१४२. पृथ्वीचा विषुववृत्ताकडील व्यासार्ध आणि ध्रुवाकडील व्यासार्ध, मीटरमध्ये. पृथ्वी चेंडूसारखी गोल नसून जराशी चपटी आहे, हे धरून दोन ठिकाणांतील अंतर काढण्याची रीत व्हिन्सेंटी नावाच्या भूगणितज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केली. फोन तीच वापरतो. एका फेरीत उत्तर पक्के होत नाही, म्हणून हिशेब पुन्हापुन्हा फिरवितो, आणि जास्तीत जास्त वीस फेऱ्यांनंतर थांबतो. हे वीस फेऱ्यांचे बंधन पाहून एक पोरगा म्हणाला, "आमच्यापेक्षा बरं. आमच्या फेऱ्यांना बंधनच नाही."

आम्ही मात्र त्या पहिल्या आकड्यापाशी अडलो, कारण त्या आकड्याचा एक पूर्वज हिंगणघाटला पुरलेला आहे. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासेजवळ एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. नुसता नकाशा काढणे हा त्याचा हेतू नव्हता. पृथ्वीचा खरा आकार काय, हे त्याला हवे होते. अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवीत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि नागपूरच्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तेथे आहे. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम पुढे नेले, आणि १८३० साली पृथ्वीच्या मापांचे जे आकडे मांडले त्यात विषुववृत्ताकडील व्यासार्ध सुमारे ६३,७७,२७६ मीटर येतो. आज फोनात आहे त्याहून ८६१ मीटरांनी कमी. बैलगाड्या, साखळ्या आणि कोनमापक यांवर काढलेला आकडा, आणि उपग्रहांच्या जमान्यातला आकडा. फरक वर्धेच्या एखाद्या पेठेइतका! आम्ही त्या गावात वर्षानुवर्षे गिरणीत गेलो-आलो आणि त्या थडग्याचे मोल आम्हांस लॅपटॉपवर कळले.

येथे थोडे विषयांतर करतो. ते अर्ध्या टनाचे यंत्र वाहून नेणारे कोण होते? त्यांची नावे इतिहासात आम्हांस आढळली नाहीत. उघडलेल्या फाइलीवरही आम्हांस कोणा एकाचे नाव दिसले नाही. परवान्यात प्रकल्पाचे नाव तेवढे. आम्ही तसे बोलून दाखविले, तर मुलगी म्हणाली, "नाही काका, हजेरीबुक आहे." या कोडमध्ये कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवणारे 'गिट' म्हणून साधन आहे, तेही टोरवाल्ड्सनेच २००५ साली लिहिले. ज्याने एक स्वल्पविराम बदलला त्याचेही नाव त्यात राहते. लॅम्बटनच्या हमालांना हे भाग्य लाभले नाही.

त्याच बैठकीत तिने आणखी एक खण उघडला. फोनावर जी वाक्ये दिसतात, ती प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या खणात ठेवलेली असतात. मराठीचा खण 'एमआर' या दोन अक्षरांचा. २०१४ साली आलेल्या ५.० या आवृत्तीपासून मराठीला हे स्थान मिळाले. त्या खणातील मराठी वाचून आम्हांस हसूही आले. काही वाक्ये इतकी अवघडलेली की, नव्या कोटात लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. पण चूक दिसली आणि ती कोठे आहे हे कळले, एवढे तरी झाले. आमच्या स्थायी आदेशांच्या मराठी भाषांतरातील चुका काढावयास आम्हांस किती हेलपाटे पडले होते, ते आम्हीच जाणतो.

या सगळ्यावरून अँड्रॉइड म्हणजे निखळ खुली वस्तू असे कोणी घेऊन जाऊ नये. कोडावर खटलेही झाले. ओरॅकल कंपनीने २०१० साली गूगलवर दावा लावला. आपल्या जावा भाषेतील सुमारे ११,५०० ओळींचा, म्हणजे क्रियांच्या नावांचा आणि मांडणीचा, वापर अनुज्ञेविना केला, असा तो दावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी तो वापर न्याय्य ठरविला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या बाबतीत प्रबळ स्थानाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २०२३ च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला, आदेशातील काही भाग रद्द केला. आणि मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, यापुढे अँड्रॉइडचे सारे काम आतल्या खोलीत चालेल, आवृत्ती तयार झाली की कोड बाहेर ठेवला जाईल. आमच्या भाषेत सांगायचे तर ठराव वाचावयास मिळेल, सभेला बसता यावयाचे नाही. शिवाय फोनावरील गूगलच्या स्वतःच्या कितीतरी सेवा पहिल्यापासूनच झाकलेल्या आहेत. इमारतीचा पाया आणि भिंती उघड्या, आणि राहत्या खोल्यांना कुलपे.

ही कुलपेच पोरांच्या प्रश्नात आडवी आली. त्या रात्री मुलीच्या पाच-सहा ओळी चालवून पाहिल्या. रुळांच्या अलीकडचे दुकान, पलीकडचे घर; फोनाने उत्तर दिले सव्वा किलोमीटरच्या आसपास. फोन खोटे बोलत नव्हता. त्याला सरळ अंतर विचारले, त्याने कावळा उडेल तसे सरळ अंतर सांगितले. पूल, फाटक, चिखल, एकेरी वाहतूक यांचा त्या हिशेबाशी संबंध नाही. रस्त्याचे अंतर हवे असेल तर ते दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागते, आणि ते ज्याचे-त्याचे ॲप विचारते किंवा विचारीत नाही. मग पोरांच्या जुन्या फेऱ्या काढून पाहिल्या. काहींत कंपनीचा आकडा सरळ अंतराशी जुळला, काहींत रस्त्याच्या अंतराशी, आणि काहींत कशाशीच नाही. नियम काय, हे ॲपच्या आत, किंबहुना दूरच्या शहरातील संगणकात; तेथे टिचकी मारून काही उघडत नाही.

पोरे निराश झाली. "म्हणजे काहीच नाही कळलं," एकजण म्हणाला. आम्ही म्हटले, हँक-मीटरची डबी उघडली तेव्हा आम्हांसही असेच वाटले होते. फोनविरुद्धचा अर्ज आम्ही फाडून टाकला. फोनवर आरोप केला असता तर कंपनीच्या वकिलाने तो कोड समोर ठेवून आम्हांस एका दिवसात गप्प बसविले असते. त्याऐवजी नवे पत्र लिहिले, आणि त्यात एकच मागणी घातली : अंतर सरळ धरता की रस्त्याचे, कोणत्या फेरीला कोणता नियम, हे मराठीत लिहून सामान उचलण्याच्या जागी भिंतीवर लावा. १९४६ च्या कायद्यात जे फलकावर यावयाचे तेच. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना नाव दिले आहे, पण हिशेब कळण्याचा हक्क नावाने येत नाही. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात मात्र, कामगारांवर परिणाम करणाऱ्या अशा स्वयंचलित व्यवस्थांची माहिती त्यांना द्यावी, असे घातले आहे. पत्रात आम्ही त्याचाही दाखला दिला. सारा कोड द्या असे आम्ही म्हटले नाही. डॉबीची पट्टी मागितली, साचा नव्हे.

पत्र घेऊन गेलो तेव्हा गोदामावरचा व्यवस्थापक भला माणूस निघाला. पंचविशीतला पोरगा. त्याने पत्र दोनदा वाचले आणि म्हणाला, "काका, खरं सांगू? मलाही माहीत नाही. माझ्याही फोनवर फक्त आकडाच येतो." मुकादमाजवळ किल्ली नसलेली डबी आम्ही प्रथमच पाहिली. त्याने पत्राची पोच दिली आणि वर पाठवितो म्हणाला.

हे व्याख्यान छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. पोरांनी मात्र एक वही घातली आहे. प्रत्येक फेरीचे तीन आकडे ते तीत मांडतात : गाडीच्या मीटरचा, मुलीने करून दिलेल्या त्या पाच-सहा ओळींचा, आणि कंपनीचा. वही युनियनच्या कार्यालयात टेबलावरच असते. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे; कपाटाला कुलूप नाही.